पटावर घेणारी माणसे

विद्यापीठासाठी किंवा महाविद्यालयासाठी विद्यार्थी मिळवून आणणाऱ्या माणसाला मराठीत धड नाव नाही. 'भरती' म्हटले की पोलीस आणि सैन्य आठवते. 'समुपदेशक' हा शब्द त्यांच्या ओळखपत्रावर छापलेला असतो, परंतु समुपदेशनात ऐकणे अधिक आणि बोलणे कमी असावे अशी आपली समजूत असल्याने तो त्यांना शोभत नाही. मैंदर्गीत त्यांना सरळ 'ॲडमिशनवाले' म्हणतात. बोलणे कन्नडातून चालले असले तरी शब्द हाच. शाळामास्तरांच्या भाषेत मात्र एक जुना शब्द आहे, पट. मुलाला पटावर घेणे, पटावरून कमी करणे, पट घसरणे. पट म्हणजे वस्त्र आणि पट म्हणजे सोंगट्यांचाही. गेली काही वर्षे मे-जूनच्या उन्हात या पटावर घेणाऱ्या माणसांशी माझी जी ओळख होत गेली, तिच्याविषयी लिहिताना हे सगळे अर्थ मला उपयोगी पडतात.

मैंदर्गी हे अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, नगरपरिषद असलेले छोटे गाव. दुधनीच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द लागते. १९६७च्या महाजन आयोगाने अक्कलकोटचा भाग कर्नाटकात जावा अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही, पण ज्या भाषेच्या आधारावर ती केली गेली ती भाषा इथल्या घराघरांत आजही आहे. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कचेरीतला अर्ज मराठीत, स्वयंपाकघरातले बोलणे कन्नडात आणि बाजारातले दोन्हींत, अशी येथली सरमिसळ. त्यामुळे दहावी-बारावीनंतर मूल कुठे पाठवायचे, या प्रश्नाला येथे दोन दिशा असतात. एक वाट सोलापूरकडे जाते, दुसरी कलबुर्गीकडे. २००४ साली सोलापूर जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१९पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे). त्यापूर्वी येथल्या मुलांच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का असे. कलबुर्गीचे विद्यापीठ १९८०चे. दोन राज्यांची विद्यापीठे हाकेच्या अंतरावर असूनही येथल्या पुष्कळ मुलींना दोन्ही दूरच वाटतात, कारण अंतर किलोमीटरांत मोजले जात नाही. संध्याकाळी परतीची शेवटची गाडी कितीला, यावर ते ठरते.

मी या भागात बारावीला मराठी शिकवतो. साहजिकच बारावीच्या मुलामुलींची नावे, पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक, कोणाचा कल कशाकडे, ही सारी माहिती माझ्यापाशी असते असा ॲडमिशनवाल्यांचा (काहीसा खरा) ग्रह आहे. निकालाच्या आसपास ते दारात येतात आणि पाणी पिऊन होताच यादी मागतात. यादी मी देत नाही. बसा मात्र म्हणतो. त्या बसण्यातूनच ही ओळख झाली.

त्यांतले एक सर गेली सात वर्षे येत आहेत. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवले तितक्यांचेच मानधन, आणि नेमणूक त्या वर्षापुरती. त्यांच्या विद्यार्थी मिळवण्यामागचा हिशेब ते लपवत नाहीत. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी घेणारी पुरेशी मुले आली नाहीत तर दुसऱ्या वर्षी ऐच्छिक विषयाचा वर्ग उभा राहत नाही. वर्ग नाही तर कार्यभार नाही. आणि कार्यभार नाही तर ते नाहीत. कायम नोकरीतल्या प्राध्यापकांनाही हीच धास्ती असते, पण त्यांच्यापाशी निदान पगाराची उशी आहे. मे महिन्यात महाविद्यालयाच्या बैठकीत गावे वाटली जातात. कुणाला मंगळवेढ्याकडचा पट्टा, कुणाला अक्कलकोट-दुधनी. सरांच्या वाट्याला हा भाग आला तो, त्यांच्या म्हणण्यानुसार, दुसऱ्या कोणालाच नको होता म्हणून. ते पंढरपूरकडचे, पहिल्या वर्षी त्यांना कन्नडाचा एक शब्द येत नव्हता.

त्यांची एक वही आहे. लांबट, तांबड्या पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचावी अशी ही वही आहे, असे मी त्यांना अनेकदा म्हटले आहे. पहिल्या रकान्यात मुलाचे नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात वडील काय करतात. चौथा रकाना त्यांनी स्वतः पाडलेला, 'ठरवतं कोण'. त्याखाली वडिलांचा उल्लेख फार कमी वेळा येतो. आजी. मामा. मोठा भाऊ, पुण्यात. आई, पण वडिलांपुढे नाही. एका ठिकाणी नुसतेच 'शेजारी'. शेवटचा रकाना 'का नाही' असा. तिथे लग्न हा शब्द इतक्या वेळा येतो की पुढे पुढे त्यांनी 'ल' एवढेच लिहिले आहे. काही ठिकाणी 'तूर गेली'. काही ठिकाणी 'बस'. एका मुलीच्या नावापुढे 'स्वतःच नको म्हणाली, कारण सांगितलं नाही' असे आहे आणि त्याखाली दुसऱ्या शाईने, पुढल्या वर्षीच्या तारखेने, 'आली' असे. मी ती नोंद बराच वेळ पाहत राहिलो होतो.

आपल्या कथा-कादंबऱ्यांत महाविद्यालये पुष्कळ आहेत. नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाबरोबर आपण 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत महाविद्यालयामागून महाविद्यालये पालथी घातली. संस्थाचालकांचे राजकारण, प्राध्यापकांच्या खोल्या, नेमणुकांची नामुष्की, हे सारे आपल्याला पाठ झाले. तरी वर्गात बसलेला विद्यार्थी तेथे कसा आला, त्याला आणायला कोण गेले होते, असा प्रश्न त्या वाचनात मला कधी पडला नाही. तो आयताच बसलेला असे. 'झोंबी'त आनंद यादवांचा आंद्या शाळेसाठी घराशी झुंजतो, तिथे मुलगा शाळेचा पाठलाग करतो. आता शाळाच मुलाचा पाठलाग करते आहे, असे म्हणून आपण हळहळतो. ही हळहळ मला अपुऱ्या माहितीची वाटते.

कारण विद्यार्थी आणायला कोणी तरी जाणे ही महाराष्ट्रातली नवी गोष्ट नाही. भाऊराव पाटील १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढण्यापूर्वी फिरते विक्रेते होते. ओगल्यांच्या कारखान्याची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. कोणत्या गावात कोणाच्या ओट्यावर बसायचे, शेतकरी 'बघू' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे त्यांना नांगराने शिकवले. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहासाठी सर्व जातींची मुले गोळा करताना त्यांनी तेच पाय आणि तीच जीभ वापरली असणार. विक्री ही शिक्षणाच्या अंगाला लागलेली अलीकडची कीड आहे, असे मानणाऱ्यांनी या नांगराचा विचार करावा.

पार्वतीबाई आठवल्यांचे उदाहरण मला याहूनही जवळचे वाटते. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी आणि पुढे १९१६ साली सुरू झालेल्या महिला विद्यापीठासाठी पैसा मिळवत त्या फिरल्या. विद्यापीठाचे पहिले वर्ग हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या विद्यार्थिनींवर सुरू झाले होते. पंधरा लाखांची देणगी आणि नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव त्यानंतरचे, १९२०चे. त्या आधी होत्या त्या गावोगावच्या सभा, आणि सभेपुढे उभी राहिलेली, विशीत विधवा झालेली, उशिरा शिकलेली बाई. तिचे बोलणे आणि तिची हमी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे १९२८चे आत्मचरित्र आपण स्त्रीलिखित आत्मचरित्रांच्या परंपरेत ठेवून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण संस्थेसाठी दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्तीचे अनुभवकथन म्हणूनही ते वाचता येते. महत्त्वाचे असे की दौरा संपला की पार्वतीबाई आश्रमातच राहायला परत जात. एखादी विधवा त्यांच्या शब्दावर आली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिला त्याच भेटत.

हे सारे मनात असल्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या ॲडमिशनवाल्याशी माझा पहिला संवाद जरा चमत्कारिक झाला. एका खाजगी विद्यापीठाचा तो 'काउन्सेलर'. वय पंचवीसच्या आत, अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट, हातात टॅब. मी मराठीत बोलू लागलो आणि तो कन्नडात उत्तरे देऊ लागला. अक्कलकोट तालुक्यातलाच निघाला. त्याच्या मामाला मी ओळखत होतो. त्याच्या टॅबमध्ये मुले नव्हती, 'लीड' होत्या. काही 'हॉट', काही 'वॉर्म', बाकी 'कोल्ड'. आठवड्याला किती लीड, त्यांतल्या किती पक्क्या झाल्या, याचा आलेख त्याच्या वरिष्ठांना पुण्यात बसून दिसे. पगाराचा काही भाग त्या आलेखावर अवलंबून. सरांच्या तांबड्या वहीत 'का नाही' असा रकाना होता. याच्या टॅबमध्ये त्या जागी 'क्लोज्ड' एवढेच होते. कारण विचारण्याची सोय त्यात केलेलीच नव्हती.

मुलगा वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. बोलण्यात आर्जव, वडीलधाऱ्यांसमोर खाली बसण्याची रीत, मुलींशी बोलताना घरच्यांना समोर ठेवण्याची दक्षता, सगळे होते. मे २०२५मध्ये बारावीचा निकाल लागल्यावर तो माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी गेला. तिने अभियांत्रिकीची सामाईक प्रवेशपरीक्षा दिली होती आणि तिचा निकाल यायचा होता. त्याने सांगितले, आत्ता थोडी रक्कम भरून जागा पक्की करा, नंतर फी वाढेल. वडील सायंकाळी माझ्याकडे आले. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींच्या शिक्षणशुल्क-माफीचा ८ जुलै २०२४चा शासननिर्णय मी त्यांना वाचून दाखवला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क यांत पूर्ण सवलत मिळते. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, आणि खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. कंसातले हे वगळणे वाचताना ते थांबले. पुन्हा वाचा म्हणाले. मी पुन्हा वाचले. ते दाखल्यांच्या तयारीला लागले आणि प्रवेशपरीक्षेच्या निकालासाठी थांबले.

दोन दिवसांनी तो तरुण माझ्याकडे आला. रागावून येईल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "सर, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारत नाहीत कोणी." मी विचारले, की ज्याला कंसातले वाक्य आहे हेच ठाऊक नाही त्याने ते कसे विचारावे? त्याने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने स्वतःहूनच बोलू लागला. त्याने विद्यापीठाकडे बदली मागितली होती. काम हेच, पण नांदेड किंवा जालन्याकडे कुठेही. "आपल्या तालुक्यात नको, सर. इथं माणसं लग्नाकार्यात भेटतात."

या वाक्याने माझ्या मनातला गुंता जितका सोडवला तितका कोणत्याही शैक्षणिक धोरणाच्या चर्चेने सोडवला नाही. विद्यार्थी मिळवण्याच्या कामात पैसा आहे की नाही, पोटाचा प्रश्न आहे की नाही, यावरून त्या कामाची जात ठरत नाही. सरांचेही पोट त्यावरच आहे. नांगर विकणाऱ्याचेही होते. ज्याला आपण पटावर घेतले तो पुढल्या वर्षी रस्त्यात भेटला तर आपल्याला त्याच्याकडे पाहता येईल का, ही कसोटी त्या मुलाने माझ्याआधी ओळखली होती आणि तिच्यापासून दूर जाण्यासाठी अर्ज केला होता. विद्यापीठालाही ते सोयीचेच. पुढल्या हंगामात येथे दुसरा टी-शर्ट आला. त्याला कन्नड येत नव्हते, आणि येथल्या कोणत्याच लग्नाला त्याला जायचे नव्हते.

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात काम करणाऱ्या एका बाईंविषयी थोडे सांगायला हवे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. बाई कोणाच्या दारी जात नाहीत. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी करून पदवीकडे जाता येई त्या काळापासून त्या टेबलाशी बसून आहेत, आणि त्यांच्याकडे येणारे लोक बहुधा तिशी ओलांडलेले, कधी काळी कुणाच्या तरी वहीत 'ल' अशी नोंद झालेले असतात. त्यांना पटवावे लागत नाही. त्यांना फक्त अर्जातला 'शिक्षणातील खंडाचे कारण' हा मजकूर कसा लिहावा ते कळत नाही, आणि बाई ते एका ओळीत बसवून देतात. सरांनी एकदा त्यांना आपली वही दाखवली. बाईंनी ती चाळली आणि म्हणाल्या, "यातल्या दोघी माझ्याकडे आहेत."

आता त्याच हंगामातली एक दुपार. सर एका घरी निघाले होते आणि मला सोबत चला म्हणाले. वडील दुधनीच्या बाजारात हमाली करतात. ते घरी नव्हते. आई होती, आजी होती आणि मुलगी. वहीत 'ठरवतं कोण' याखाली 'आई' असे लिहिलेले मी वाटेत पाहिले होते. "बर्री, कुंड्री," आई म्हणाली, आणि सरांनी तितक्याच सफाईने कन्नडात नमस्कार केला. सात वर्षांत त्यांचे कन्नड एवढे झाले आहे. त्यापुढे गाडी अडते. मी दुभाषा होईन असे त्यांना वाटले होते. पण मुलगीच पुढे सरकून बसली आणि सरांचे बोलणे आईला कन्नडातून सांगू लागली.

सर नेहमीप्रमाणे हातचे राखूनच बोलत होते. नोकरीचे मी काही सांगत नाही, ते म्हणाले. तीन वर्षे वाचायला मिळेल, लिहायला मिळेल, स्पर्धापरीक्षेला बसायचे झाले तर पदवी हाताशी असेल. मुलीने याचे भाषांतर केले. सर दोन वाक्ये बोलले की तिची सहा होत. त्यांत असे होते की सर म्हणतात साडेपाचची गाडी मिळते आणि मी दिवे लागायच्या आत घरी असेन. सर गाडीविषयी एक अक्षर बोलले नव्हते. सर म्हणतात, एसटीत बायकांना अर्धेच तिकीट आहे. (ते खरे होते, मार्च २०२३पासून.) सर म्हणतात, वर्गात आपल्याकडच्या आणखी दोघी आहेत. सर म्हणतात, तुझ्या लेकीचे अक्षर चांगले आहे. यांतले काहीही सर म्हणाले नव्हते. मला दोन्ही भाषा कळत होत्या आणि मी गप्प बसलो होतो. भाषांतराच्या सिद्धांतावर आपण परिसंवाद घेतो; मूळ संहितेशी इतकी प्रतारणा आणि इतकी निष्ठा मी एकाच ठिकाणी पाहिली नव्हती. घराला काय ऐकण्याची गरज आहे ते तिला सरांपेक्षा ठाऊक होते, आणि ते बाहेरच्या माणसाच्या तोंडून आले पाहिजे हेही.

आजीने मध्येच विचारले, "ओदि एन माडताळ?" शिकून काय करणार ही? मुलीने हा प्रश्न सरांना मराठीत सांगितलाच नाही. तिने आजीलाच काही तरी परस्पर सांगून टाकले, आणि आजी हसली.

आई मात्र सगळा वेळ सरांच्या तोंडाकडे पाहत होती. तिला मराठी येत नाही असे आम्ही धरून चाललो होतो. लेकीचे बोलणे संपल्यावर ती सरांना मराठीत म्हणाली, "तीन वर्षं म्हणता. तुम्ही असणार का तिथं तीन वर्षं?"

सरांची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते. त्या वर्षीच्या नेमणुकीचा आदेशही निघायचा होता. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. "माझं काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "मी असेन-नसेन. कॉलेज असेल."

"कॉलेजला मी कुठं ओळखते?" आई म्हणाली.

या प्रश्नाला माहितीपत्रकात उत्तर नव्हते. सरांनी ते उलटे केले, मागच्या कोऱ्या बाजूवर आपला क्रमांक लिहिला, त्याखाली घरचा पत्ता लिहिला आणि थोडे थांबून पत्नीचाही क्रमांक लिहिला. आईने ते मुलीकडून वाचून घेतले. या वेळी मुलीने शब्दाला शब्द वाचला, काहीही न वाढवता. मग आईने तो कागद घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि आम्हांला चहा टाकला.

मुलगी जूनच्या शेवटी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला दाखल झाली. साडेपाचची गाडी बहुतेक दिवस सहा वाजता सुटते. सरांच्या नेमणुकीचा आदेश ऑगस्टात आला. तोवर ते तिच्या वर्गाला आदेशाविनाच शिकवत होते.